बरा झाला म्हणून सोडला

डॉक्टरांनी मला सहा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. ते मला बी.कॉम. म्हणायचे. "बी.कॉम., फाइल आणा." "बी.कॉम., जेवलात का?" याला कारण मीच. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं, तर मी नावाला जोडून बी.कॉम. सांगितलं. गाव विचारलं, तर मी म्हणाले, "केम. आमच्या घरातली पहिली बी.कॉम." टायपिंग येतं का विचारलं, तर मी म्हणाले, "येतं की, बी.कॉम. झालेय मी." बाप मेंढरांमागे हिंडला, आईने अंगठ्याशिवाय कागदावर काही उमटवलं नाही, तेव्हा मी तीनदा सांगितलं यात मला आजही काही वावगं वाटत नाही. डॉक्टर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला बरोबर लिहिणारं माणूस पाहिजे. बाकीचं मी बघतो."

सोलापुरात पूर्व भागात, दोन यंत्रमाग कारखान्यांच्या मधे त्यांचं हॉस्पिटल होतं. बारा खाटा. मागांचा खडखडाट इतका की डॉक्टर पेशंटशी ओरडूनच बोलायचे, आणि रात्री माग बंद झाले तरी ओरडूनच बोलायचे. हाडांचे डॉक्टर. अंगाने उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पायात बारा महिने रबरी चपला. तेलुगू घरातले, पण अक्कलकोटकडचा पेशंट आला की कानडीत शिरायचे आणि करमाळ्याकडचा आला की आमच्यासारखं "कुटं दुकतंय" विचारायचे. त्यांचं स्वतःचं मराठी कुठलं, ते मला कधी कळलं नाही.

माझं काम सरकारी विमा योजनेचं. पेशंटचं कार्ड तपासायचं, फोटो काढायचा, अंगठा घ्यायचा, फाइल कॉम्प्युटरवर चढवायची, आणि मग योजनेची माणसं जे जे विचारतील त्याची उत्तरं द्यायची. आमच्याकडे यायची ती बहुतेक म्हातारी माणसं, खुबा मोडलेली. कुणी मोरीत घसरलेलं, कुणाला गाईने ढकललेलं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला आत सळई घालून वेळेत उभं केलं नाही तर ते अंथरुणातून उठत नाही. पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि काही महिन्यांत घरचे चौथा खांदा शोधायला लागतात. कार्डावर हे ऑपरेशन पेशंटला फुकट होतं. डॉक्टरला पैसे सरकार द्यायचं. ते आधीच बेताचे. तो दर आणखी कापला तर आमच्यासारखं हॉस्पिटल कार्ड बंद करणार आणि ही माणसं घरी पडून राहणार. एवढा हिशोब कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. पण तो ज्यांना कळायला हवा होता त्यांच्या पदव्या माझ्यापेक्षा फारच मोठ्या होत्या.

डॉक्टरांच्या तऱ्हा सांगायच्या तर सुट्टीपासून सुरुवात केली पाहिजे. पेशंटला घरी कधी सोडायचं, हे ते फाइल बघून ठरवायचे नाहीत. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेपाशी येऊन म्हणायचे, "जावा, माझा चहा सांगून या." चहाची टपरी फाटकाला लागून. वॉर्डापासून तिथपर्यंत जायचं, टपरीवाल्याला चहा सांगायचा आणि परत यायचं. मागे सिस्टर चालायची. तिला सगळे अक्का म्हणायचे, आणि धरायला तिला बंदी होती. डॉक्टर खिडकीतून बघत उभे. चहा आला की ते उभ्याउभ्या पिऊन कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "सुट्टी."

एकदा एक आजी टपरीपर्यंत गेली आणि बाकड्यावर बसून स्वतःच चहा प्यायली. डॉक्टर खिडकीतून ओरडले, "आजी, माझा?"

आजी म्हणाली, "तुमी धडधाकट हाय की. या हितं."

डॉक्टर गेले, तिच्या शेजारी बसून चहा प्याले आणि तिथल्या तिथे तिला सुट्टी दिली. टपरीवाल्याने दोघांचे पैसे मागितले, तर त्याला म्हणाले, "काय बे, पेशंटकडून घेतोस? माझ्या नावावर लिही."

आता ही सुट्टी तिसऱ्या दिवशी, आणि योजनेत धरलेले होते सात दिवस. शहरातली बाकीची हॉस्पिटलंही पेशंटला चार-पाच दिवसांत घरी धाडायची, पण सुट्टीचा अंगठा सातव्या दिवशी घ्यायची. त्यासाठी पेशंटला गावाहून परत बोलवायची. कागदावर सात दिवस पूर्ण. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सुट्टी म्हणजे तिसऱ्या दिवशी अंगठा, आणि फाइलमध्ये तीच तारीख. मी सुरुवातीला विचारलं होतं, "सर, सगळे सातव्या दिवशी घेतात, आपण?" डॉक्टर म्हणाले, "खुब्यात सळई घातलेला माणूस मैंदर्गीहून जीपमध्ये कोंबून आणायचा, कशाला? अंगठ्याला? त्याचा अंगठा मोडला होता का?"

मग योजनेकडून विचारणा आली. रुग्णास इतक्या लवकर का सोडण्यात आले? डॉक्टरांना असल्या विचारणा मी मोठ्याने वाचून दाखवाव्या लागायच्या, तेही साहेबी आवाजात. साध्या आवाजात वाचली तर म्हणायचे, "असं नाही, त्यांनी जसं विचारलंय तसं वाचा." मी वाचली. ते हात धूत होते. म्हणाले, "लिहा. बरा झाला म्हणून सोडला."

"सर, एवढंच?"

"आणखी काय पाहिजे? दवाखान्यात माणूस कशाला येतो?"

मी तसंच टाइप केलं. पुढच्या वेळी तीच विचारणा आली, तेच उत्तर गेलं. बाई असली तर बरी झाली म्हणून. सहा महिन्यांत मला ते पाठ झालं.

पण एक गोष्ट मी कुठेच टाइप केली नाही, कारण ती टाइप करायला जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी सोडलेल्या पेशंटकडे डॉक्टर रविवारी स्वतः जायचे. गाडी जुनी, मागच्या सीटवर ड्रेसिंगची पेटी, टाके काढायचं सामान आणि डिकीत लाकडी ठोकळे. आमच्या भागात खाट बुटकी. बुटक्या खाटेवरून उठताना ऑपरेशन झालेल्या खुब्यावर जोर येतो. म्हणून हे सुताराकडून ठोकळे करून घ्यायचे आणि घरोघरी खाटेच्या चार पायांखाली चार लावून यायचे. गेल्या गेल्या जखम बघायची नाही. आधी घर बघायचं. म्हातारी रात्री लघवीला कुठून कुठे जाते, ते स्वतः चालून बघायचे. करमाळ्याजवळ एका वस्तीवर मी बरोबर होते. उंबरा चांगला वीतभर उंच. डॉक्टर त्या घरच्या मुलावर असे उखडले, जणू त्यानेच आईला ढकललं होतं. "हा उंबरा आहे का बांध? हिला परत पाडायचीय का?"

तो म्हणाला, "वडलांच्या येळचा हाय सायेब."

"मग वडलांनाच चढू दे त्याच्यावरून. उद्याच्या उद्या तासून घे."

आणि मग त्याच घरात मांडी घालून भाकरी खाल्ली, दोनदा चटणी मागून घेतली. दुसऱ्या रविवारी उंबरा तासलेला होता.

गावाकडच्या जाण्या-येण्याचे पैसे ना पेशंटकडून, ना सरकारकडून. मी एकदा तो विषय काढला, तर म्हणाले, "बी.कॉम., रविवारी मी घरी राहिलो तर बायकोशी भांडण होतं. त्याच्यापेक्षा डिझेल स्वस्त."

तर असं सगळं चाललेलं असताना नवीन दरपत्रकाचा मसुदा आला. खुब्याच्या ऑपरेशनचा दर चांगलाच खाली आणलेला. कारण दिलं होतं: रुग्ण अल्पावधीत बरे होत असल्याचे निदर्शनास आल्याने सात दिवसांचा खर्च देण्याची आवश्यकता नाही. हरकती असल्यास पंधरा दिवसांत. मी ते वाचलं. तीन दिवसांच्या तारखा अख्ख्या जिल्ह्यातून कुणी पाठवल्या होत्या? आम्ही. कुणी टाइप केल्या होत्या? मी.

मसुदा आल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष आले. त्यांचं हॉस्पिटल मोठं, बोलणं गोड. केबिनमध्ये मीही होते.

"तुमच्यामुळे सगळ्यांच्या गळ्याला आलंय," ते म्हणाले. "पण मार्ग आहे. लिहून द्या की तारखा चुकून पडल्या."

"कुणाकडून चुकून?" डॉक्टरांनी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे नुसती मान वळवली. "खेड्यातली मुलगी आहे, नवीन होती, होतं असं. तिला कोण काय करणार आहे?"

मला तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. तोपर्यंत एक तारीख चुकली नव्हती माझी. मी बोलणार, तेवढ्यात डॉक्टर उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं. अध्यक्ष गेल्यावर मला म्हणाले, "हरकतींच्या सुनावणीला तुम्ही पण यायचं. आणि डिकीतले चार ठोकळे बरोबर घ्या."

सुनावणी सरकारी सभागृहात. मुंबईहून साहेब आलेले, समोर जिल्ह्यातले चाळीस-पन्नास डॉक्टर, सगळे बुटात. आमचे चपलेत. दारावरच्या शिपायाने माझ्या पिशवीतले ठोकळे काढून पाहिले. "हे काय, मॅडम? मोर्चाबिर्चा हाय का?"

"खाटेखाली लावायचे आहेत."

"हितं कुटं खाट हाय?" तो म्हणाला, पण सोडलं.

साहेब सभ्य होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपमान केला नाही. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले, आणि शेवटी म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाचं उत्तर मी वाचून दाखवतो. इतक्या लवकर का सोडलं? बरा झाला म्हणून सोडला." सभागृह हसलं. साहेबही हसले. "मग चार दिवसांचे पैसे सरकारने कशाचे द्यायचे?"

डॉक्टर उभे राहिले. "ते उत्तर माझं आहे."

"अभिनंदन, डॉक्टर. तुम्ही उत्तम काम करता."

"उत्तम काम करतो म्हणून पैसे कापता?"

"तसं नाही. खर्च कमी झाला, तर..."

"खर्च कमी झाला नाही, जागा बदलली. उरलेले दिवस मी त्याच्या घरी जाऊन काढतो. करमाळा, केम, मैंदर्गी. ड्रेसिंग मी करतो, टाके मी काढतो."

साहेबांनी चष्मा काढला. "याची नोंद आहे?"

"तुमच्या फॉर्मात रकाना नाही."

"म्हणजे नोंद नाही."

डॉक्टरांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, पुढे गेले आणि साहेबांच्या टेबलावर चार ठोकळे मांडले. "हे कुठल्या रकान्यात घालू, ते सांगा. मी आजच घालतो."

साहेबांच्या शेजारचा अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला की तारखांच्या नोंदीतच काही चूक झाली असू शकते, संघटनेने तसं सुचवलंय. आणि तिथे मात्र डॉक्टरांचा तो मागांवरून चढवलेला आवाज लागला. "तारखा बरोबर आहेत! एकही चुकलेली नाही! ही इथे उभी आहे, हिने टाकल्यात. बी.कॉम. आहे ती!"

अख्खं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी मान खाली घातली नाही.

मला राग आला तो त्या चाळीस-पन्नास डॉक्टरांचा. आपापल्या सातव्या दिवसाच्या अंगठ्यांचं ओझं घेऊन सगळे मुकाट बसले होते. डॉक्टरांनी एका वाक्यात त्यांना उघडं पाडलं असतं. परतताना मी गाडीत म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "त्यांनी कुणाचे पाय वाकडे बसवलेत का? मग?" मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

दोन महिन्यांनी आदेश आला. खुब्याच्या ऑपरेशनची प्रस्तावित कपात रद्द. दर पूर्वीप्रमाणे. मी आनंदाने ओरडले, अक्काने पेढे आणायला पैसे काढले. मग मी दुसरं पान उलटलं. या दरासाठी रुग्णाने रुग्णालयात किमान सात दिवस राहणे बंधनकारक. त्याआधी सोडल्यास दावा ग्राह्य धरला जाणार नाही.

डॉक्टरांनी पान माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे बऱ्या माणसाला झोपवून ठेवायचं."

संघटनेने त्यांचा सत्कार केला. तुमच्यामुळे कपात टळली, म्हणून. त्याच अध्यक्षांनी शाल घातली. डॉक्टर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे बारा खाटा आहेत. कालपासून सात खाटांवर बरी झालेली माणसं आहेत. तुमच्यापैकी कुणाला पाहुणे पाहिजे असतील तर पाठवतो." आणि खाली बसले. टाळ्या वाजाव्यात की नाही, हे कुणालाच कळलं नाही.

खरंच तसं झालं होतं. चहा सांगून आलेली माणसं परत खाटेवर येऊन बसायची. दिवसभर वॉकर घेऊन फाटकापाशी उभी राहायची आणि ज्याला त्याला विचारायची, "आमाला का ठिवलंय?" मी सांगायची, नियम आहे. एक आजोबा म्हणाले, "जेलातबी कारण सांगत्यात की."

आणि मग तो दिवस. मायाप्पा नावाचे मैंदर्गीकडचे धनगर, सत्तरीचे, ऑपरेशनचा चौथा दिवस. सकाळपासून पटका बांधून खाटेवर बसलेले. मेंढरं पुढे गेली होती आणि जीव तिकडे लागलेला. दुपारी फाटकात टेम्पो आला. आत गोधडीवर एक बाई, खुबा मोडलेला, दोन ठिकाणांहून परत पाठवलेली. तिचा मुलगा माझ्या खिडकीपाशी येऊन हात जोडून उभा राहिला. "ताई, एक खाट द्या. कुटं बी द्या. भुईवर बी चालंल." बाराच्या बारा खाटा भरलेल्या. त्यातल्या आठ बऱ्या माणसांच्या.

डॉक्टर बाहेर आले, टेम्पोत चढून बाईंना बघितलं आणि तिथूनच ओरडले, "मायाप्पा! नडी!" कानडीत नडी म्हणजे चल.

मायाप्पा वॉकर घेऊन निघालेच. मी डॉक्टरांपुढे आडवी झाले. "सर, चौथा दिवस आहे. दावा पूर्ण जाईल. सळईचे पैसेसुद्धा आपल्या खिशातून."

"माहीत आहे."

"यांना आत्ता जाऊ द्या, सातव्या दिवशी अंगठ्याला बोलवू. एकदाच. सगळे करतात."

मायाप्पाच म्हणाले, "येतो की यप्पा. अंगठाच द्यायाचा न्हवं? मुलगा आणंल गाडीवर."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, थकलेले दिसत होते. "बी.कॉम., आज कितवा दिवस?"

"चौथा."

"मग चौथा लिहा."

मी मशीन आणलं, मायाप्पांचा अंगठा घेतला आणि चौथा लिहिला. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता. एका अंगठ्याने काय बिघडणार होतं? जगाने खोटं बोलून दवाखाने चालवावेत आणि यांनी खरं बोलून बुडवावा, हा कुठला न्याय? मी हे तोंडावर बोलले. ते म्हणाले, "त्या साहेबासमोर मी काय ओरडलो, आठवतं ना? एक जरी चुकीची टाकली तर मग ते खोटं होतं." आणि हात धुवायला निघून गेले. बाईंचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं.

मायाप्पांचा दावा नामंजूर झाला. त्या वर्षात आणखी कितीतरी झाले, कारण टेम्पो येतच राहिले आणि डॉक्टर खाटा मोकळ्या करतच राहिले. मी चौथा लिहिला, तिसरा लिहिला, पाचवा लिहिला. वर्ष संपता संपता सळ्या पुरवणाऱ्याने उधार देणं बंद केलं, आणि एका सकाळी डॉक्टर स्वतः स्टुलावर चढून भिंतीवरचा योजनेचा बोर्ड पान्याने उतरवत होते. मी स्टूल धरलं होतं. खाली उतरून ते म्हणाले, "तुम्हाला पतसंस्थेत चिठ्ठी देतो. हिशोबाची माणसं पाहिजेत त्यांना." त्यांनी दिली, मी लागले, तिथेच आहे. ते अजून हाडं बसवतात, पण कार्डावर नाही. रविवारी अजून ठोकळे घेऊन जातात, असं अक्का सांगते. पण आता फार थोड्या घरी.

दरपत्रक दरवर्षी निघतं आणि मी दरवर्षी बघते. खुब्याचा दर जसाच्या तसा. सरकार सांगतं, कपात केलेली नाही. संघटना सांगते, आम्ही कपात होऊ दिली नाही. दोघंही खरं बोलतात.

गावाकडून फोन येत असतात. परवा तात्यांचा आला, माझे चुलते. शेजारची म्हातारी पडली होती.

"आगं, तुज्या त्या डॉक्टरकडं कार्ड चालतंय न्हवं?"

"न्हाय चालत आता, तात्या."

"का गं? सरकारनं पैसं कमी केलं व्हय?"

"न्हाय. पैसं हायती तेवढंच हायती."

"मग?"

मी सांगायला लागले. सात दिवस, तीन दिवस, रकाना, सुनावणी, आदेशाचं दुसरं पान. मागे म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला मधेच थांबवलं.

"त्ये सगळं ऱ्हाऊ दे पोरी. हिला कुटं न्यायाची, तेवडं सांग."